सुरुंगाची शिस्त

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडून घोड नदी वाहते आणि दक्षिणेकडून भीमा. या दोन नद्यांच्या मधल्या माळरानावर पाबळ हे गाव वसलेले आहे. बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीची कबर या गावी असल्यामुळे इतिहासाच्या वाचकांना त्याचे नाव परिचित आहे. परंतु तेथे राहणाऱ्या शेतकऱ्याला विचारले, तर तो इतिहासाआधी पाण्याची गोष्ट सांगेल. सह्याद्रीवर कोसळणारे मेघ या बाजूला येईपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. जो पडतो, त्यातील बराचसा उतारावरून वाहून जातो. उरलेला जमिनीत मुरतो व खालच्या खडकाच्या भेगांतून साचून राहतो. म्हणून या भागातील शेतकऱ्याच्या मनात विहिरीला देवघराइतकेच मानाचे स्थान असते.

वैशाखाच्या उन्हात, जमिनीतील पाणी सर्वात खाली गेलेले असताना, विहिरी खोदण्याचे व जुन्या विहिरी खोल करण्याचे काम जोरात चालते. अशा एखाद्या विहिरीच्या जवळून दुपारी जाणाऱ्या वाटसरूला एकाएकी शिटी ऐकू येते. वाटेवर तांबडे निशाण घेऊन एक माणूस उभा असतो. ''सुरुंग आहे हो, सुरुंग! पुढे जाऊ नका!'' अशी त्याची आरोळी माळावर घुमते. जवळ चरणारी बैलजोडी दूर नेली जाते. वस्तीवरील बाया मुलांना घरात घेतात. क्षणभर सारे शिवार श्वास रोखून धरते. मग जमिनीच्या पोटातून एक जड, कोंडलेला आवाज येतो, पायाखालची भूमी थरथरते आणि विहिरीच्या तोंडातून धुळीचा लोट वर उसळतो. आवाज विरतो, धूळ खाली बसू लागते. तरीही कोणी जागचा हलत नाही. बऱ्याच वेळाने दुसरी शिटी होते, तेव्हा कोठे माणसे विहिरीकडे वळतात.

पाहणाऱ्याला वाटते, सुरुंग म्हणजे हा आवाज आणि हा धुरळा. वस्तुतः तो आवाज म्हणजे त्या कामाचा सर्वात लहान भाग होय. स्फोट निमिषार्धात संपतो. त्याच्या आधीची तयारी कित्येक तास चाललेली असते आणि त्याच्या नंतरची काळजी तितकीच महत्त्वाची असते. ही तयारी व ही काळजी यांनाच सुरुंगाची शिस्त म्हणतात. ती समजून घ्यावयाची, तर प्रथम ज्याच्याशी हा सामना आहे, त्या खडकाची ओळख करून घेतली पाहिजे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकाचा बनला आहे, तो एके काळी तप्त लाव्हा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला प्रचंड भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्ह्याचे पूर बाहेर आले. एक थर थंड होऊन गोठला, की काही काळाने त्यावर दुसरा थर पसरे. अशा रीतीने सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर खडकाचे थर एकावर एक रचले गेले. यालाच दख्खनचा पाषाण म्हणता येईल. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट व कणखर बनला. तो काळा कातळ. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले व पुढे त्या पोकळ्यांत पांढरी स्फटिके भरली. तो ठिपक्याठिपक्यांचा खडक लोकांनी मांजऱ्या म्हणून ओळखला. ऊन, वारा व पाऊस यांनी झिजलेल्या खडकाचा मुरूम झाला. पाबळच्या परिसरात विहीर खोदणाऱ्याला साधारणपणे आधी माती, मग मुरूम, त्यानंतर मांजऱ्या किंवा काळा कातळ अशी भेट होते. मातीला फावडे पुरते, मुरुमाला टिकाव व पहार पुरते. कातळापुढे मात्र टिकावाचे पाते बोथट होते.

काळ्या कातळाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्यावर कितीही ओझे ठेवा, तो दबत नाही. म्हणूनच आपले किल्ले, घाट व पूल त्याच्यावर शतकानुशतके उभे आहेत. परंतु त्याला दोन बाजूंनी ओढू लागले, की तो फार काळ तग धरीत नाही. दाब सोसण्याची जेवढी शक्ती खडकात असते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच ताण तो सोसू शकतो. हे त्याचे मर्म मनुष्याने फार पूर्वी ओळखले. खडक वरून ठेचण्यापेक्षा त्याच्या आत शिरून त्याला बाहेर ढकलणे सोपे, हा खडक फोडण्याच्या विद्येचा मूलमंत्र आहे.

दारू ठाऊक नव्हती, तेव्हाही माणसे खडक फोडीतच होती. पुणे जिल्ह्यातच जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. ती केवळ छिन्नी व हातोडा यांच्या साहाय्याने कोरली गेली. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच साधनांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले. मोठा धोंडा फोडावयाचा असेल, तर त्यावर एका ओळीत खाचा पाडून त्यांत पाचरी ठोकीत. काही ठिकाणी खडकावर जाळ करून तो तापवीत आणि मग एकदम थंड पाणी ओतीत. तापलेला खडक आकुंचन पावून तडकत असे. पाथरवट व वडार यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या विद्येत मुरलेल्या आहेत. दगडावर घणाचा एक टोला देऊन, त्याच्या आवाजावरून आतली भेग ओळखणारे जाणते कारागीर त्यांच्यात आजही आढळतात. दगड कोठे फुटेल, हे शोधून काढण्याची ही दृष्टी सुरुंगाच्या युगातही निरुपयोगी ठरलेली नाही. उलट सुरुंगाचे सारे यश तिच्यावरच अवलंबून असते.

खाणीत खडक फोडण्यासाठी दारूचा उपयोग केल्याची पहिली प्रसिद्ध नोंद १६२७ सालची आहे. मध्य युरोपातील शेम्निट्स येथील खाणीत तो प्रयोग झाला. आज ते गाव स्लोव्हाकिया देशात आहे. पुढे ही रीत सर्वत्र पसरली. तिने श्रम वाचवले, परंतु प्राणही घेतले. दारूला बत्ती देण्यासाठी गवताच्या काड्यांत किंवा कागदी नळीत दारू भरून वात करीत. ती कधी भसकन जळून जाई, तर कधी मध्येच विझल्यासारखी होई व कामगार पाहावयास गेला, की नेमका त्याच क्षणी स्फोट होई. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील खाणकामगारांची ही दुर्दशा पाहून विल्यम बिकफर्ड नावाचा गृहस्थ व्यथित झाला. तो स्वतः खाणकामगार नव्हता. चामड्याचा व्यापारी होता. दोरखंड वळणाऱ्या कारागिराचे काम पाहत असता त्याला एक कल्पना सुचली. दोर वळतानाच त्याच्या गाभ्यात दारूचा बारीक धागा भरावा, म्हणजे ती एका ठराविक गतीने जळत जाईल! १८३१ साली त्याने या सुरक्षित वातीचे पेटंट घेतले. कामगाराला आता किती वेळ हाताशी आहे, हे वात मोजून कळू लागले. या शोधाने सुरुंगाची शक्ती तिळमात्र वाढली नाही. परंतु त्याच्यात शिस्त आली, आणि त्या शिस्तीने असंख्य माणसांचे प्राण वाचवले.

महाराष्ट्रात सुरुंगाचे प्रचंड काम झाले ते बोरघाटात. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. परंतु पुण्याकडे येण्यास सह्याद्रीची भिंत आडवी होती. १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू झाले व १८६३ मध्ये गाडी घाट चढून वर आली. या वाटेवर पंचवीस बोगदे खोदावे लागले. यांत्रिक साधने जवळजवळ नव्हतीच. एक मजूर पोलादी पहार दोन्ही हातांनी धरून बसे आणि दुसरा तिच्या माथ्यावर घण घाली. प्रत्येक टोल्यानंतर पहार किंचित फिरवावी लागे, नाहीतर ती खडकात रुतून बसे. टोला जरा चुकला, तर पहार धरणाऱ्याच्या हाताचा चुरा होई. असे एकेक छिद्र पाडून, त्यात काळी दारू ठासून कातळ उडवण्यात आला. काही ठिकाणी मजुरांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून छिद्रे पाडावी लागली. एके काळी या घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीच्या साथींनी, कडे कोसळून व सुरुंगाच्या अपघातांनी त्यांतील हजारो जण मृत्युमुखी पडले. आज तीन-साडेतीन तासांत मुंबई गाठणाऱ्या प्रवाशाला बोगद्याच्या अंधारात क्षणभर तरी त्यांची आठवण व्हावी.

बोरघाट पूर्ण झाला, त्या सुमारास स्वीडनमध्ये आल्फ्रेड नोबेल एका नव्या स्फोटकावर प्रयोग करीत होता. नायट्रोग्लिसरीन हा तेलकट द्रव काळ्या दारूपेक्षा कितीतरी प्रबळ, पण तितकाच चंचल. साध्या धक्क्यानेही त्याचा स्फोट होई. १८६४ साली नोबेलच्या कारखान्यात असाच स्फोट झाला आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल प्राणास मुकला. नोबेलने प्रयोग सोडले नाहीत, पण आता त्याने या द्रवाला वेसण घालण्याचा ध्यास घेतला. तो द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवला असता त्याचा चंचलपणा पुष्कळ कमी होतो, असे त्याला आढळले. १८६७ मध्ये पेटंट घेतलेले हेच ते डायनामाइट. त्याही नंतर विज्ञान थांबले नाही. भारतात २००४ पासून नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटके बंद करण्यात आली व त्यांची जागा पाण्याचा अंश असलेल्या अधिक सुरक्षित स्फोटकांनी घेतली. खेड्यांतून मात्र या नव्या कांड्यांनाही जुन्या सवयीने 'जिलेटिन' असेच म्हणतात.

आता पाबळच्या विहिरीकडे पुन्हा वळू. घण व पहार यांची जागा आज यंत्राने घेतली आहे. ट्रॅक्टरवर बसवलेला कॉम्प्रेसर हवा दाबून ती जाड रबरी नळीतून विहिरीत पाठवतो. त्या हवेच्या जोरावर जॅकहॅमर नावाचे यंत्र चालते. ते पोलादी कांबीवर मिनिटाला शेकडो टोले देते व प्रत्येक टोल्यागणिक तिला थोडी फिरवते. बोरघाटातील दोघा मजुरांचे काम आता एक यंत्र करते. क्रिया मात्र तीच राहिली आहे. अशा रीतीने विहिरीच्या तळात साधारण एक ते दीड मीटर खोलीची अनेक छिद्रे पाडली जातात.

छिद्रे पाडावयाची कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. स्फोटके नुसती खडकावर ठेवून उडवली, तर काय होईल? आवाज मोठा होईल, परंतु स्फोटातून निर्माण झालेले वायू मोकळ्या आकाशात निघून जातील आणि खडकावर जेमतेम ओरखडा उठेल. तीच शक्ती खडकाच्या आत कोंडली, की ती आपली वाट स्वतः शोधते. स्फोट होताच घन पदार्थाचे निमिषमात्रात अतितप्त वायूंत रूपांतर होते. त्यांना मूळच्या जागेपेक्षा कितीतरी अधिक जागा हवी असते. त्यांच्या धक्क्याने छिद्राभोवती बारीक चिरा पडतात. त्या चिरांत वायू पाचरीसारखे घुसतात आणि खडकाला आतून बाहेर रेटतात. दाबाला न जुमानणारा कातळ या ताणापुढे हार खातो. प्राचीन पाथरवटाची लाकडी पाचर आणि आजचा सुरुंग यांचे तत्त्व अशा रीतीने एकच आहे.

परंतु रेटलेल्या खडकाला सरकण्यासाठी मोकळी बाजू हवी. दगडाच्या खाणीत समोरचा कडा उघडा असतो, त्यामुळे खडक पुढे कोसळतो. विहिरीत चहूबाजूंनी भिंती. मोकळी बाजू फक्त वरची. म्हणून जाणता कामगार प्रथम तळाच्या मध्यभागी तिरकी छिद्रे घेतो. ती आधी उडतात आणि मध्ये खड्डा तयार होतो. त्यानंतर, सेकंदाच्या लहानशा अंशाने, त्याभोवतालची छिद्रे उडतात व त्यांचा खडक त्या खड्ड्याच्या दिशेने फुटतो. सर्वात शेवटी काठाजवळच्या छिद्रांची पाळी येते. दूरवर उभ्या असलेल्या माणसाला एकच धमाका ऐकू येतो. प्रत्यक्षात तेथे अनेक स्फोट ठरलेल्या क्रमाने होऊन गेलेले असतात. हा क्रम चुकला, छिद्रे फार जवळ किंवा फार दूर पडली, तर खडक फुटत नाही. धोंडे मात्र आकाशात उडतात किंवा विहिरीच्या चांगल्या भिंतीला तडे जातात.

छिद्रांत स्फोटके भरण्याचे काम कोणीही करू शकत नाही. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला व परवाना मिळवलेला मनुष्यच लागतो. आपल्या देशात स्फोटकांविषयीचा कायदा १८८४ साली झाला व त्याखालचे सध्याचे नियम २००८ सालचे आहेत. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. स्फोटके व ती पेटवणारे डिटोनेटर एकाच ठिकाणी एकत्र ठेवावयाचे नाहीत. प्रत्येक कांडीची नोंद ठेवावयाची. अठरा वर्षांखालील मुलास या कामावर घ्यावयाचे नाही. स्फोटके छिद्रात सरकवण्यासाठी लाकडी काठी वापरावयाची, लोखंडी पहार कदापि नाही, कारण लोखंडाची एक ठिणगी अनर्थाला पुरेशी असते. जवळपास विडी ओढावयाची नाही. आकाशात विजा चमकू लागल्या, तर काम तेथेच थांबवून दूर व्हावयाचे. हे नियम वाचताना रुक्ष वाटतात. परंतु त्यांतील बहुतेक नियमांमागे कोठेतरी, कोणाचा तरी गेलेला जीव आहे.

सर्वात कठीण नियम वाट पाहण्याचा. स्फोट झाल्यावर विहिरीत विषारी वायू व धूळ कोंडलेली असते. ती निघून जाईपर्यंत कोणीही खाली उतरता कामा नये. त्याहून मोठे भय न उडालेल्या सुरुंगाचे. वातीचे सुरुंग असताना जाणता जमादार प्रत्येक बार मोजीत असे. दहा छिद्रे भरली आणि नऊच बार ऐकू आले, तर दहावा खाली जिवंत आहे असे समजावयाचे! अशा वेळी मालक घाई करतो, कॉम्प्रेसरचे भाडे चढत असते, दिवस मावळत असतो. तरीही नियमाने ठरवलेला वेळ थांबून, मग अनुभवी माणसानेच खाली उतरून पाहावयाचे असते. जुन्या छिद्राच्या उरलेल्या बुडात पुन्हा कांब घालू नये, हा नियमही याच कारणाने झाला. त्या बुडात न जळलेले स्फोटक दडलेले असू शकते. स्फोट घडवण्यास धाडस लागते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे धाडस या थांबण्यात आहे.

या शिस्तीचा एक भाग मुलांच्याही वाट्याला येतो. सुरुंगाच्या जागी कधीकधी एखादा डिटोनेटर पडून राहतो. तो बोटाएवढी लहान, चकचकीत धातूची नळी असतो व त्याला बहुधा रंगीत तारा जोडलेल्या असतात. मुलांना तो खेळण्यासारखा वाटतो. परंतु तो ठेचला, तापवला किंवा त्याच्या तारा विजेच्या घटाला लावल्या, तर हाताची बोटे तुटतात व डोळे कायमचे जातात. अशी वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, दगड मारू नये. जागा लक्षात ठेवून दूर व्हावे, इतरांना जवळ जाऊ देऊ नये आणि ताबडतोब शिक्षक, वडीलधारी माणसे किंवा गावचे पोलीस पाटील यांना सांगावे. सोडून दिलेल्या खाणीत साचलेल्या खोल पाण्यातही पोहावयास उतरू नये; तेथे काठ उभे कापलेले असतात आणि पाय टेकण्यास जागा नसते.

सुरुंगाने फोडलेला दगड केवळ विहिरीतूनच निघतो असे नाही. पाबळहून शिक्रापूरमार्गे पुण्याकडे जाताना वाघोली लागते. तेथील दगडखाणींतून निघालेल्या खडीवर पुणे शहराच्या कितीतरी इमारती व रस्ते उभे राहिले. याच खाणींत कॅव्हन्साइट नावाची दुर्मिळ निळी स्फटिके सापडली आणि ती जगभरच्या संग्रहालयांत जाऊन पोहोचली. पण खाणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तेथे राबणारे मजूर बहुधा दूरच्या जिल्ह्यांतून आलेले, आणि त्यांची मुले दगडांतच वाढणारी. अशा मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेने खाणींच्या परिसरातच 'पाषाण शाळा' चालवल्या. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, तर फुप्फुसे निकामी होतात. छिद्रे पाडताना पाणी सोडले, की धूळ जागीच बसते. हा साधा उपायही पुष्कळदा टाळला जातो. सुरुंगाच्या शिस्तीत मजुराच्या छातीची काळजीही मोडते, हे विसरून चालणार नाही.

ही शिस्त पूर्णत्वास गेली, म्हणजे काय साधते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाहावयास मिळाले. वीजनिर्मितीसाठी जलाशयाचे पाणी अधिक खालच्या पातळीवरून घ्यावयाचे होते. परंतु त्यासाठी भरलेले धरण रिकामे करणे शक्य नव्हते. अभियंत्यांनी जमिनीखालून बोगदा खणीत तो जलाशयाच्या तळाखाली नेला. पाणी आणि बोगदा यांच्यामध्ये खडकाचा फक्त एक पडदा शिल्लक ठेवला. बरोबर हिशेब करून त्यात छिद्रे घेतली आणि १३ मार्च १९९९ रोजी तो पडदा एका क्षणात उडवून दिला. पाणी बोगद्यात आले. फुटलेला खडक त्याच्यासाठी आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडला. २५ एप्रिल २०१२ रोजी असाच प्रयोग तेथे पुन्हा करण्यात आला. क्षणभराच्या त्या स्फोटामागे कित्येक वर्षांचे मोजमाप उभे होते.

कोयनेच्या अभियंत्यांना पाणी कोठे आहे हे ठाऊक होते. पाबळच्या शेतकऱ्याला मात्र ते शोधावे लागते. सुरुंग खडक फोडतो, पाणी निर्माण करीत नाही. भेगा नसलेल्या कोरड्या कातळात कितीही खोल गेले, तरी हाती धूळच लागते आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्जाचा धोंडा मात्र चढतो. या अनुभवातून पाबळमध्येच एक निराळे काम उभे राहिले. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी मुंबईतील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हातांनी काम करीत विज्ञान शिकावे, हे त्या आश्रमाचे सूत्र. तेथील विद्यार्थी जमिनीतील पाण्याचा अंदाज घेण्याची पद्धतही शिकले. जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका ओळीत रोवावयाच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडावयाचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधील विद्युत्-दाब मोजावयाचा. कोरडा कातळ विजेला अडवतो; ओला, भेगाळलेला खडक तिला सहज वाट देतो. खुंट्यांमधील अंतर वाढवीत गेले, म्हणजे अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. ही पद्धतही पाण्याची हमी देत नाही. परंतु आंधळेपणाने कातळाशी झुंजण्यापेक्षा आधी जमिनीला विचारणे केव्हाही शहाणपणाचे. छिद्र कोठे घ्यावे हे ठरवण्याआधी विहीर कोठे घ्यावी हे ठरवणे, ही सुरुंगाच्या शिस्तीची पहिली पायरी होय. आणि पावसाळ्यात बांधबंदिस्ती करून पाणी मुरवणे, ही तिची शेवटची पायरी म्हणावी लागेल. कारण खडकाच्या भेगांत जे साठवलेच नाही, ते कोणताही सुरुंग बाहेर काढू शकत नाही.

वैशाखातील त्या दुपारी दुसरी शिटी झाल्यावर माणसे विहिरीच्या काठाशी येतात. धूळ बसलेली असते. अनुभवी कामगार प्रथम एकटाच खाली उतरतो. प्रत्येक छिद्राची जागा तो निरखतो, लोंबकळणारे धोंडे पहारेने पाडतो आणि मग वरच्यांना हाक देतो. यारीचे लोखंडी पिंप खाली सुटते. फुटलेला कातळ त्यात भरून वर येऊ लागतो. भाग्य असेल, तर कोणाच्या तरी नजरेस भिंतीतील एक ओली रेघ पडते. काळ्या दगडावर ती हळूहळू रुंदावते व तिच्या टोकाशी एक थेंब धरतो. खाली उभा असलेला माणूस ओंजळ पुढे करतो, चव घेतो आणि वर पाहून नुसती मान हलवतो. काठावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तेवढे पुरे असते.